मृगाचा बर्फ

स्कीखाली दगड आला की कसा आवाज येतो ते आधी सांगतो. पाट्याला टाकी लावणारा माणूस दारात बसलेला ज्यांना आठवत असेल त्यांना लगेच कळेल. टाकीचा एकेक घाव वेगळा वाजतो. ते सगळे घाव एका दमात ओढून काढले तर जसा खर्रर्र होईल, तसा तो आवाज. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात गुलमर्गच्या वर, कोंगदूरीवर, माझ्या डाव्या पायाखालून तो आला आणि पुढच्या क्षणी मी तोंडावर आपटलो. बर्फ जेमतेम वीतभर होता, खाली खडी. शिकवणारा काश्मिरी मुलगा घसरत जवळ आला, त्याने माझा पाय सोडवला, स्की उलटी करून तळावरची ताजी चीर बोटाने दाखवली आणि शांतपणे म्हणाला, "जनाब, अभी ज़मीन भरी नहीं है।"

जमीन भरली नाही! पडल्याचं दुखणं मी क्षणभर विसरलो. आमच्या नागऱ्यात दर जूनमध्ये जाणती माणसं हेच तर सांगत असतात, फक्त ती म्हणतात, "अजून ओल भरली नाही."

नागरा म्हणजे गोंदिया शहराला लागून असलेलं गाव. जुनं दगडी शिवमंदिर, महाशिवरात्रीची गर्दी आणि सभोवती धानाच्या बांध्या. मृगात एखादा पाऊस दमदार झाला की कुणीतरी घाई करून पऱ्हे टाकतोच. मग आठ-दहा दिवस आभाळ कोरडं राहतं, ऊन तापतं, पऱ्हे पिवळे पडतात, करपतात, आणि बियाण्याचा खर्च पुन्हा डोक्यावर बसतो. पहिल्या बर्फाच्या बातमीवर तिकीट काढून स्की करायला जाणं ही तीच चूक. शेतकऱ्याच्या घरात जन्मून मी ती केली, म्हणून जरा जास्त लागली.

निघताना शेजारच्या काकूंनी विचारलं होतं, "आधीच इथं हुडहुडी भरून राह्यली, अन् तुम्ही आणखी थंडीत कायले जाता?" त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. हिवाळ्यात विदर्भातला सर्वांत कमी पारा कितीदा तरी गोंदियाचाच असतो. पण भाच्याला डिसेंबरातच सुट्टी होती, नाताळच्या आधी हॉटेलं स्वस्त होती, आणि सहलीच्या जाहिरातीत लिहिलं होतं, 'हंगाम : डिसेंबर ते मार्च'. हा छापील हंगाम मी खरा धरला.

काश्मिरी माणूस तसं धरत नाही. त्याच्या हिवाळ्याचे तीन भाग आहेत. २१ डिसेंबरला 'चिल्लई कलान' सुरू होतो, म्हणजे चाळीस दिवसांची कडक थंडी. मग वीस दिवसांचा 'चिल्लई खुर्द' आणि शेवटी दहा दिवसांचा 'चिल्लई बच्चा'. आपल्याकडे मृग, आर्द्रा, पुनर्वसू अशी नक्षत्रं मोजतात, तशातलाच हा हिशेब. या हिशेबाने मी हंगामाच्या सुरुवातीला पोचलोच नव्हतो. मी उंबऱ्याबाहेर उभा होतो.

गुलमर्ग बारामुल्ला जिल्ह्यात, श्रीनगरपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर, पीर पंजाल रांगेच्या कुशीत आहे. जुनं नाव गौरीमार्ग. सोळाव्या शतकात सुलतान युसूफ शाह चकने ते बदलून गुलमर्ग, म्हणजे फुलांचं कुरण, केलं असं सांगतात. कुरणाच्या मधल्या टेकाडावर १९१५ सालचं, डोगरा राजघराण्याने बांधलेलं शिवमंदिर होतं. 'आप की कसम' या १९७४ च्या चित्रपटामुळे ते देशभर ओळखीचं झालं. जून २०२४ मध्ये ते आगीत जळालं. नागऱ्याच्या माणसाला महादेवाशिवाय गाव ओळखीचं वाटत नाही, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

इथे स्की आणली ती ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी. १९२७ मध्ये त्यांनी 'स्की क्लब ऑफ इंडिया' काढला. गोरे गेल्यावर लष्कर राहिलं. उंचावरच्या युद्धाचं प्रशिक्षण देणारी सेनेची शाळा १९४८ पासून गुलमर्गमध्ये आहे. पण साध्या पर्यटकासाठी खरा बदल झाला तो गोंडोलामुळे. फ्रेंच कंपनीने उभारलेल्या या दोरवाटेचा पहिला टप्पा, गुलमर्ग ते कोंगदूरी, १९९८ मध्ये सुरू झाला आणि दुसरा, कोंगदूरी ते अफरवट, २००५ मध्ये. सहा माणसांची एक डबी. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर, कोंगदूरी ३,१०० च्या आत-बाहेर, आणि वरचं ठाणं ३,९५० मीटरच्या आसपास.

हे तीन आकडे लक्षात ठेवा, कारण हंगामाच्या आरंभी सगळा खेळ त्यांचाच असतो. हवा दर हजार मीटर चढाला सरासरी साडेसहा अंशांनी गार होते. म्हणजे खाली कुरणात तीन अंश असतील तेव्हा वरच्या ठाण्यावर उणे पाच-सहा. एकच ढग, एकच दिवस. वर भुरभुर बर्फ, मध्ये ओला बर्फ आणि खाली चक्क पाऊस. आम्ही पोचलो तेव्हा कुरण बहुतेक उघडंच होतं. सुकलेलं पिवळं गवत, सावलीत कुठेकुठे पांढरे तुकडे, आणि त्या तुकड्यांवर भाड्याचे गमबूट घालून फोटो काढणारी दीड-दोनशे माणसं. त्यांत आम्हीही. नवशिक्यांना एरवी याच कुरणाच्या मऊ उतारावर शिकवतात. कुरण उघडं म्हणून आम्हाला कोंगदूरीला नेलं. तिथे बर्फ होता, पण जमीन खडकाळ.

जगातल्या मोठमोठ्या ठिकाणीही आरंभाला हेच चालतं. कॅनडात व्हँकुव्हरजवळच्या व्हिस्लरला नोव्हेंबरच्या शेवटी हंगाम उघडतो तेव्हा बर्फ बहुधा डोंगराच्या वरच्या अर्ध्यातच असतो आणि खाली गावात पाऊस पडत असतो. दिवसभर वर स्की करायची आणि संध्याकाळी पाळण्यात बसून खाली यायचं. तिथल्या मुरलेल्या लोकांकडे याच दिवसांसाठी एक जुनी, ओरखडलेली जोडी वेगळी ठेवलेली असते. चांगली जोडी जानेवारीपर्यंत बाहेर निघत नाही. मी भाड्याने घेतलेली जोडी आधीच कुणीतरी त्या कामाला वापरलेली होती. परत करताना मात्र दुकानदाराने सगळ्या चिरा माझ्या नावावर लावल्या. असो. भाड्याची स्की घेताना आधी तळाचा फोटो काढून ठेवावा, एवढं शिकलो.

आता मुख्य प्रश्न. 'एक फूट बर्फ पडला' ही बातमी वाचून आपण निघतो, मग तो जातो कुठे?

ताजा बर्फ म्हणजे बहुतेक हवाच. मुरमुऱ्याचं पोतं आणि तांदळाचं पोतं दिसायला सारखं, उचलायला नाही, तसंच हे. नुकत्याच पडलेल्या कोरड्या बर्फाचं वजन घनमीटरला साधारण शंभर किलो भरतं, म्हणजे दहा सेंटिमीटर बर्फ वितळवला तर एक सेंटिमीटर पाणी. स्की करायला लागतो तो दाबलेला, बसलेला बर्फ. त्याचं वजन घनमीटरला चारशे ते पाचशे किलो. गवताळ उतारावर असा दाबलेला बर्फ फूटभर असला तरी काम भागतं. पण ते फूटभर, म्हणजे तीस सेंटिमीटर, तयार व्हायला ताजा बर्फ किती पडायला हवा? साडेचारशे किलोच्या हिशेबाने सुमारे एकशे पस्तीस सेंटिमीटर, साडेचार फूट! आणि हे गवतावर. दगडधोंडे, तुटके बुंधे असलेल्या उतारावर ते सगळं बुजायला दाबलेलाच बर्फ मीटरभर लागतो.

पाण्यात मोजलं तर एकशे पस्तीस सेंटिमीटर ताजा बर्फ म्हणजे एकशे पस्तीस मिलिमीटर पाऊस. आमच्याकडे श्रावणातल्या एका चांगल्या झडीत एवढं पाणी बांधीत येऊन जातं. काश्मीरच्या हिवाळ्यात मात्र ते हप्त्याहप्त्याने येतं. एक हप्ता बसतो, थोडा वितळतो, गोठतो, त्यावर दुसरा. या तळाला तिथे सगळे 'बेस' म्हणतात. नवा बर्फ कितीही मऊ पडो, खाली बेस नसेल तर तो नुसती चादर आहे, गादी नाही. बर्फाच्या बातम्यांत 'किती पडला' हे ठळक असतं आणि 'तळाला किती आहे' हे कुठेतरी कोपऱ्यात. वाचायचा असतो तो कोपरा.

हे हप्ते आणतो कोण? पश्चिमी विक्षोभ. भूमध्य समुद्राच्या बाजूला जन्मणारी ही वादळं उंचावरच्या पश्चिमी वाऱ्यांवर बसून इराण, अफगाणिस्तान ओलांडत येतात आणि पीर पंजालला धडकून वर चढतात, तिथे गार होतात आणि बर्फ टाकतात. यातलं एखादं रेंगाळलं आणि बंगालच्या उपसागरावरची दमट हवा मध्य भारतात येऊन मिळाली, तर आमच्याकडे जानेवारी-फेब्रुवारीत अवकाळी आणि गारपीट होते. विक्षोभ पुढे सरकला की त्याच्या मागून उत्तरेची कोरडी गार हवा उतरते आणि गोंदियाचा पारा घसरतो. गुलमर्गचा बर्फ आणि शेजारच्या काकूंची हुडहुडी एकाच घरची.

विक्षोभ आलेच नाहीत तर? २०२४ च्या जानेवारीत तसंच झालं. चिल्लई कलान ऐन भरात आणि गुलमर्गचं कुरण तपकिरी. ती छायाचित्रं सगळ्या वर्तमानपत्रांनी छापली. बर्फ आला तो जानेवारी सरता सरता, आणि मग फेब्रुवारीत 'खेलो इंडिया' हिवाळी स्पर्धा पार पडल्या. पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये, त्याच स्पर्धा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. म्हणजे आता आरंभाचं नक्षत्रही सरकू लागलं आहे.

यावर श्रीमंत देशांनी काढलेला उपाय म्हणजे यंत्राचा बर्फ. १९५० च्या सुमारास अमेरिकेत तो सुरू झाला. बीजिंगच्या २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकमधले उतार जवळजवळ पूर्णपणे याच बर्फाचे होते. गुलमर्गच्याच परिसरात, नैसर्गिक बर्फावर वाढलेला आरिफ खान तिथे भारतातर्फे एकटा उतरला आणि जायंट स्लॅलममध्ये पंचेचाळिसावा आला. आपल्या देशात उत्तराखंडच्या औलीला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी अशी यंत्रं बसवली होती.

हे यंत्र कसं चालतं ते विदर्भातल्या माणसाला दोन वाक्यांत कळेल, कारण त्याच्या खिडकीत कूलर असतो. मे महिन्यात कोरड्या हवेत कूलर थंडगार वारा देतो आणि जुलैत तोच कूलर नुसती दमट वाफ फेकतो. पाण्याची वाफ होताना उष्णता ओढली जाते, आणि वाफ होऊ शकते ती हवेत जागा असेल तेवढीच. स्नो गन दाबाखाली पाण्याचे बारीक तुषार हवेत उडवते. थोडं पाणी वाफ होतं, उरलेला थेंब त्यामुळे आणखी गार होतो आणि जमिनीवर पडेपर्यंत गोठतो. म्हणून यंत्र चालवणारा साध्या तापमापकाकडे बघत नाही. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापकाचा आकडा बघतो. तो साधारण उणे दोन-अडीचच्या खाली गेला की पंप सुरू. हवा खूप कोरडी असेल तर शून्य अंशालाही बर्फ होतो. दमट असेल तर उणे एकलाही नुसता चिखल. आणि पाणी लागतं भरपूर. आधी तळं बांधा, मग बर्फ करा.

आता जे सांगायचं आहे ते मला स्वतःला सर्वांत नवं होतं. मी समजत होतो की सुरुवातीचा बर्फ कमी असतो, एवढाच त्याचा दोष. दुसऱ्या दिवशी स्की शिकवणाऱ्या त्या मुलाने माझी समजूत मोडली. उताराच्या कडेला हाताने खणून त्याने बर्फाची वीतभर भिंत उघडी केली. वरचा थर घट्ट होता, त्याला बोटाने ठोकलं तर टकटक वाजला. खालचा थर मात्र बोट लावताच गळू लागला. मी मूठभर घेतला आणि लाडू वळायला गेलो. वळेना! मोठ्या दाण्याच्या साखरेसारखे सुटे, चमकणारे कण बोटांतून निसटले. चिकट भात आणि फडफडीत भात यांत जो फरक, तोच वरच्या आणि खालच्या थरात.

हा साखरबर्फ आकाशातून पडत नाही, जमिनीवर तयार होतो. बर्फाखालची माती हिवाळाभर शून्य अंशाच्या आसपास राहते, कारण बर्फ हे पांघरूण आहे. वर हवा समजा उणे बारा. बर्फ दीड मीटर जाड असेल तर हा बारा अंशांचा फरक दीड मीटरभर पसरतो; दर दहा सेंटिमीटरला एक अंशही पडत नाही. पण बर्फ वीसच सेंटिमीटर असेल तर दर दहा सेंटिमीटरला सहा अंश! फरक दहा सेंटिमीटरला एक अंशाहून जास्त झाला की खालच्या ऊबदार कणांतून वाफ निघते आणि वरच्या गार कणांवर जाऊन बसते, भाताच्या भांड्यावरच्या झाकणाला थेंब धरतात तशी. फक्त इथे थेंबाऐवजी स्फटिक. नाजूक चांदण्या मोडतात, त्यांच्या जागी टोकदार, मोठे, एकमेकांना न धरणारे दाणे येतात. डिसेंबरच्या निरभ्र, कडाक्याच्या रात्री आणि पातळ बर्फ, हे या पिकाचं आवडतं हवामान.

मग जानेवारीत जोराचा बर्फ येतो. सगळं पांढरं, सगळं सपाट, दगड गडप. पर्यटक खूश. पण खाली तोच साखरेचा थर, आता मीटर-दीड मीटरखाली पुरलेला, आठवडेच्या आठवडे तसाच. तीव्र उतारावर वरचं ओझं वाढलं किंवा एखाद्या स्कीवाल्याचा पाय नेमक्या जागी पडला, की तो थर गोट्यांसारखा निसटतो आणि वरची अख्खी लादी फळीसारखी सुटते. हिमस्खलन होण्याची कारणं आणखीही आहेत. नव्या बर्फाचा भार आणि वाऱ्याने साठवलेल्या लाद्या ही त्यांतली मुख्य. फेब्रुवारी २०१० मध्ये गुलमर्गजवळ खिलनमर्गला प्रशिक्षण घेणारे सतरा जवान हिमस्खलनात गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटच्या उतारावर दोन पोलिश पर्यटक गेले. या दोन घटनांत कोणता थर तुटला ते मी सांगू शकत नाही. पण तिथले जाणकार फेब्रुवारीचा धोका मोजताना डिसेंबर कसा गेला ते का विचारतात, हे त्या मूठभर साखरेने मला दाखवलं. आपल्याकडे नाही का, पोळ्याला पीक डोलताना दिसतं पण म्हातारा माणूस विचारतो, रोवणीच्या वेळी चिखल नीट झाला होता का?

ठरलेल्या, राखलेल्या वाटांवर हा धोका फार कमी, कारण तिथला बर्फ रोज दाबला जातो आणि गस्तीचे लोक वरच्या उतारांवर नजर ठेवतात. वाट सोडून बाजूच्या कोऱ्या बर्फात शिरणाऱ्यांनी मात्र संरक्षण खात्याच्या, चंडीगडला मुख्यालय असलेल्या डीजीआरई या संस्थेचा हिमस्खलनाचा इशारा आधी पाहावा आणि जाणता वाटाड्या घ्यावा.

राहिली ती प्रत्यक्ष शिकवणी. पहिला धडा थांबण्याचा. स्कीची टोकं जवळ, टाचा लांब, गुडघे वाकलेले. वरून पाहिलं तर कौलारू घराच्या आढ्यासारखा आकार. आतल्या कडा बर्फात रुततात आणि वेग मरतो. इंग्रजीत याला नांगराचं नाव आहे, तो मुलगा नुसतं "व्ही बनाओ" म्हणायचा. मला कळायला दोन दिवस लागले, कारण घाबरलं की माणूस मागे झुकतो, आणि मागे झुकलं की स्की सुसाट सुटते. धीर करून उताराकडे, पुढे झुकायचं असतं.

बर्फ घसरडा का, याचं शाळेत शिकवलेलं उत्तर, दाबाने बर्फ वितळतो म्हणून, अपुरं आहे. माणसाच्या वजनाचा दाब स्कीच्या लांबीभर पसरतो. त्याने वितळणबिंदू नगण्य खाली येतो. मायकेल फॅरेडेने १८५० मध्येच सुचवलं होतं की बर्फाच्या पृष्ठभागावर मुळातच एक पातळ, द्रवासारखा थर असतो. त्यात घर्षणाची उष्णता भर घालते. म्हणून फार गार बर्फ वाळूसारखा धरतो आणि दुपारचा ओला बर्फ चिखलासारखा ओढतो. आमची उत्तम वेळ सकाळी दहा ते बाराची होती. त्यानंतर उघड्या दगडांभोवतीचा बर्फ आधी पाझरायचा. काळा दगड ऊन पितो आणि शेजारच्या बर्फाला संपवतो. दुपारी प्रत्येक दगडाभोवती बोटभर खळगा दिसायचा.

ऊन तिथे फसवं. दर हजार मीटर उंचीला अतिनील किरणं सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यांतली ऐंशी टक्क्यांपर्यंत परत तोंडावर फेकतो. हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांच्या आत भाजणं म्हणजे काय ते मला तिथे कळलं. संध्याकाळी कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची शेगडी, पोटाशी धरून बसलो होतो. टंगमर्गहून आलेल्या चालकाने हरीसा आणला होता, मटण आणि तांदूळ रात्रभर शिजवून घोटलेला, खास थंडीतला पदार्थ. तांदळाचा माग काढत गोंदियाचा माणूस कुठेही पोटभर जेवतो.

शिकायचंच असेल तर केंद्र सरकारच्या पर्यटन खात्याची स्की आणि गिर्यारोहणाची संस्था गुलमर्गमध्येच आहे. तिचे वर्ग बर्फ भरल्यावर भरतात, साधारण जानेवारी ते मार्च. हे वेळापत्रकच मला आधी वाचायला हवं होतं; जाहिरातीपेक्षा ते खरं बोलतं.

परतताना त्या मुलाला माझा नंबर देऊन आलो. जानेवारीत एका पहाटे त्याचा फोटो आला : गोंडोलाच्या खांबाला टेकून उभी केलेली स्कीची जोडी, गुडघ्याच्याही वर बर्फात बुडालेली, आणि खाली दोन शब्द, 'शीन मुबारक'. शीन म्हणजे बर्फ. मी फोटो बघत अंगणात आलो तर वारा फिरला होता, पश्चिमेला आभाळ काळं झालं होतं, आणि काकू वाळत घातलेले धान सुपाने भराभर पोत्यात ओढत होत्या. "बघत काय राह्यले?" त्या ओरडल्या. "धरा ना दुसरं टोक!" फोन खिशात टाकून मी पोत्याचं तोंड धरलं.